दोनदा उडालेला फ्यूज

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी एकदा असे घडले. हाताहातात मोबाइल येण्यापूर्वीचा तो काळ. त्या गावात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर होते, मुजावरमास्तर. ते कोणत्याही शाळेत शिक्षक नव्हते. परंतु तीसेक वर्षांत त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्यांनी आसपासच्या गावांत आपापली दुकाने थाटली होती, आणि ते सर्व त्यांना मास्तर म्हणत म्हणून गावही म्हणू लागले.

मास्तरांची एक रीत गावाला ठाऊक होती आणि थोडी गमतीचीही वाटे. टीव्ही चालू होत नाही म्हणून कोणी बोलावले, तर घरात शिरल्यावर ते टीव्हीकडे पाहतच नसत. पाणी पीत, घरच्यांची विचारपूस करीत, मग भिंतीवरच्या बटणांपाशी जाऊन हात मागे बांधून उभे राहत. काल चालू होता का, बंद पडला तेव्हा पाऊस होता का, दिवे मिणमिणले होते का, असे काहीबाही विचारत बसत.

“मास्तर, टीव्ही इकडं आहे,” असे एखादी गृहिणी न राहवून म्हणे.

“तो कुठं जातोय?” मास्तर म्हणत, आणि पुन्हा भिंतीकडे वळत.

या रीतीचा सर्वांत जास्त कंटाळा ज्याला येई, तो त्यांचा शिष्य अभिनंदन चौगुले. आयटीआयमधून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला, चोवीस वर्षांचा, बुद्धीने तल्लख. सोल्डरिंगचा त्याचा हात इतका सफाईदार होता की मास्तर स्वतःचे नाजूक कामही त्याच्याकडे सरकवत. दीड वर्ष तो त्यांच्याकडे होता. गुरूंविषयी त्याला आदर होता, पण त्या आदरात एक छोटीशी खोट होती. त्याला वाटे, मास्तरांचे वय झाले आहे. जे काम दहा मिनिटांचे ते तासाभरावर जाते, ते गप्पांमुळे.

एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मुलींच्या वसतिगृहातून चिठ्ठी आली. एसटी स्टँडच्या मागे जुन्या दुमजली इमारतीत हे वसतिगृह होते. चाळीसेक मुली तेथे राहून कॉलेज शिकत. चिठ्ठी रेक्टर कदमबाईंच्या हातची होती. ‘टीव्ही सुरू होत नाही. दुपारी चार वाजता आमच्या मुलीचा सामना दाखवणार आहेत. कृपया लगेच कोणीतरी यावे.’

ती मुलगी म्हणजे मालन लेंगरे. जत तालुक्यातल्या एका वाडीवरून शिकायला आलेली, आणि आता विद्यापीठाच्या खो-खो संघातून अंतिम सामना खेळायला थेट दिल्लीला गेलेली. वसतिगृहातल्या मुलींनी आठवडाभर दुसरा विषय काढला नव्हता.

मास्तरांच्या टेबलावर एक रेडिओ उघडा पडला होता. त्यांनी चिठ्ठी वाचून अभिनंदनकडे दिली.

“तू जाऊन ये. दोन फ्यूज घे बरोबर. आणि विजेचा दाब बघायला मीटर घे.”

“अर्ध्या तासात येतो, मास्तर,” अभिनंदन म्हणाला.

वसतिगृहात तो पोहोचला तेव्हा दालनात सतरंज्या घालून झाल्या होत्या. सर्वांत पुढे, टीव्हीसमोर, नऊवारी नेसलेली एक बाई पाय दुमडून बसली होती. त्या मालनच्या आई, फुलाबाई. पहाटे निघून दोन एसट्या बदलून त्या आल्या होत्या. त्यांच्या वाडीवर टीव्ही नव्हता. लेक एवढी खेळते म्हणतात, पण तिला खेळताना त्यांनी एकदाही पाहिले नव्हते. सामन्यांच्या वेळी शेळ्यांमागे कोणीतरी लागतेच.

अभिनंदनने संच वळवून मागचे झाकण उघडले. दोष शोधायला त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. आतला फ्यूज काळा पडला होता. फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, आत केसासारखी बारीक तार. वीज मर्यादेबाहेर आली की ती तार वितळते आणि संच बंद पडतो. त्याने नवा फ्यूज बसवला, बटण दाबले. चित्र आले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. झाकण लावायला त्याने स्क्रू हातात घेतला, एवढ्यात आत ‘टिक्’ असा बारीक आवाज झाला आणि पडदा काळा झाला.

दोन-अडीच तास खपून त्याने आतले सगळे भाग एकेक करून पुन्हा तपासले. कुठे काही जळालेले नाही, कुठे काही चिकटलेले नाही. संच निर्दोष होता. येथे त्याच्या मनात काहीतरी हलले. निर्दोष संचातला फ्यूज का जावा? परंतु भोवती चाळीस मुली उभ्या होत्या, कोणी त्याच्यासाठी पोह्यांची बशी आणली होती, कोणी पंखा त्याच्याकडे वळवला होता. त्याने दुसरा फ्यूज बसवला. तो दहा मिनिटे टिकला. मग पुन्हा ‘टिक्’.

“दादा, चारपर्यंत होईल ना?” एकीने विचारले.

फुलाबाईंनी विचारले नाही, विनवले. “लेकरा, दिसंल न्हवं माझी पोर?”

“दिसेल, मावशी. शंभर टक्के दिसेल,” अभिनंदन बोलून गेला.

बरोबर आणलेले दोन्ही फ्यूज संपले होते. रविवारमुळे बाजारातली दुकाने बंद. मास्तरांकडे परत जायचे तर ‘संचात दोष सापडत नाही’ असे सांगावे लागणार, आणि ते त्याच्या जिवावर आले. त्याने पिशवीतून वायरीचा तुकडा काढला, तो सोलला, आतली तांब्याची तार दुहेरी पिळली आणि फ्यूजच्या जागी घट्ट बसवली. ती तार सहजासहजी वितळणारी नव्हती. बटण दाबल्यावर चित्र आले आणि टिकले. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. झाकण लावून, मुलींचे आभार झेलत तो निघाला, आणि अडीचच्या सुमारास दुकानात पोहोचला.

“झालं, मास्तर.”

“काय होतं?” मास्तरांनी रेडिओवरून मान न उचलता विचारले.

“फ्यूज गेला होता.”

“किती गेले?”

“पहिला धरून तीन.”

“मग आता संच कशावर चालू आहे? तू दोनच नेले होतेस.”

मास्तरांनी मान वर केली, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हातातला पेचकस खाली ठेवला.

“मीटर लावला होतास भिंतीला?”

“नाही.”

मास्तर उठले. उघडा रेडिओ तसाच टाकून त्यांनी दुकानाची फळी ओढली. तीस वर्षांत रेडिओ उघडा टाकून त्यांना उठताना कोणी पाहिले नव्हते. “सायकल काढ. मी मागं बसतो,” ते म्हणाले, आणि रस्त्यात दोनदा म्हणाले, “जोरात.”

वसतिगृहाच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीवर सामन्याआधीचा काही कार्यक्रम चालला होता. फुलाबाई पडद्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या, जणू जवळ बसल्याने लेक लवकर दिसेल. मास्तरांनी चपला काढल्या, मुलींमधून वाट काढीत ते भिंतीपाशी गेले आणि कोणाशी एक शब्दही न बोलता त्यांनी टीव्हीचा प्लग उपसला.

दालनात एकच गलका उठला. कदमबाई पुढे आल्या. “मास्तर, हे काय केलंत? चालू होता की तो!”

“हो. चालू राहायला नको होता,” मास्तर म्हणाले. मग मुलींकडे वळून त्यांनी अगदी वेगळेच विचारले. “इथले दिवे कसे लागतात, पोरींनो?”

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीने चिडूनच सांगितले, “वरच्या मजल्यावरचे बल्ब आठवड्यात तीन गेले. आधी लई पांढरे जळतात आणि मग जातात.”

“आमच्या खोलीतली ट्यूब तर लागतच नाही,” दुसरी म्हणाली. “नुसती फडफडते.”

“दिव्यांचं उद्या बघू हो मास्तर,” कदमबाई काकुळतीला आल्या. “आता साडेतीन होतील.”

मास्तरांनी अभिनंदनच्या पिशवीतून मीटर काढला. सकाळपासून तो पिशवीतून बाहेरच आला नव्हता. त्यांनी त्याची टोके भिंतीच्या सॉकेटमध्ये लावली आणि काटा सर्वांना दिसेल असा धरला.

“घरात वीज दोनशे तीस व्होल्टच्या आगेमागे असावी लागते. आता किती दिसते?”

“दोनशे सत्तर,” पुढच्या मुलीने वाचले.

“स्वयंपाकघरात वाटणाचं मशीन असेल. जाऊन चालू कर, बाळ.”

एक मुलगी धावत गेली. आतून घरघर ऐकू आली आणि दालनात मीटरचा काटा सरसर वर चढला. दोनशे नव्वद. तीनशे. तीनशे वीस. घरघर थांबली तसा तो खाली आला. मास्तरांनी पुन्हा चालू करायला सांगितले. काटा पुन्हा चढला. स्वयंपाकिणीने आत चटणी वाटायला घेतली की दालनातल्या टीव्हीच्या अंगावर काय येत होते, हे वीजशास्त्राचा गंध नसलेल्या मुलींनाही दिसत होते.

“मेन स्विच कुठं आहे?” मास्तरांनी विचारले.

तो जिन्याखाली होता. जिन्याखालच्या त्या कोनाड्यात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्यांची चळत बोर्डाला टेकून रचली होती. मास्तरांनी बोर्डाच्या लाकडाजवळ उलटा हात नेला, धग लागताच स्पर्श न करता तो मागे घेतला, आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला. सगळ्या इमारतीतले पंखे थांबले.

“अहो, मालनचा सामना!” मागून कोणीतरी रडवेल्या आवाजात ओरडले. दुसरी म्हणाली, “आठवडाभर वाट बघतोय आम्ही.” मास्तरांनी सर्वांचे ऐकून घेतले. त्यांनी गाद्या बाजूला ओढायला लावल्या, स्विचचे झाकण उघडले आणि टॉर्च कदमबाईंच्या हातात दिला.

“तुम्ही बघा, बाई.”

कदमबाईंनी वाकून पाहिले. आतल्या एका तारेचा स्क्रू जळून काळाठिक्कर पडला होता. त्यामागचे लाकूड तळहाताएवढे कोळसा झाले होते. बोर्डाला टेकलेल्या गादीचा काठ तपकिरी झाला होता आणि त्याला करपलेल्या कापसाचा वास येत होता.

“रोज मी इथूनच वर झोपायला जाते,” कदमबाई म्हणाल्या.

“तीन तारांनी आलेली वीज जिच्यावाटे परत जाते ती ही तार,” मास्तरांनी शांतपणे सांगितले. “न्यूट्रल म्हणतात तिला. तिचा स्क्रू कधीतरी ढिला झाला. म्हणून कुठल्या खोलीला वीज कमी पडते, तर कुठं नको तेवढी येते. वायरमनला बोलावून घ्या. तो येऊन तार बदलेपर्यंत ह्या दांड्याला कोणी हात लावायचा नाही.”

“किती वेळ लागेल?”

“अंधाराच्या आत होईल. चारच्या आत नाही.”

कदमबाईंच्या मनात आता दुसरा प्रश्न आला. “पण मास्तर, दुपारी तर टीव्ही नीट झाला म्हणून सांगितलं होतं आम्हाला.”

चाळीस मुलींच्या नजरा अभिनंदनकडे वळल्या. सकाळी याच मुलींनी त्याच्यासाठी पंखा वळवला होता. त्याने बोलायला तोंड उघडले, पण शब्द आला नाही.

“माझ्या दुकानातून आलेल्या माणसानं केलेलं काम म्हणजे मी केलेलं काम,” मास्तर म्हणाले. “चूक झाली. माझी झाली. मी तुमची सगळ्यांची माफी मागतो.” आणि सत्तरीला टेकलेल्या त्या माणसाने खरोखरच त्या मुलींपुढे हात जोडले. मुली गोंधळून गेल्या. काहींनी मागे सरून नकळत हात जोडले.

फुलाबाई एवढा वेळ दाराशी उभ्या होत्या. विजेचे त्यांना काही समजले नव्हते. एवढेच समजले होते की पेटी आता लागणार नाही. त्यांनी आपले भाकरीचे गाठोडे उचलून काखोटीला मारले. “म्हंजे दिसायची न्हाई का?” त्यांनी विचारले. तक्रार नव्हती त्यात, नुसते विचारणे होते.

“आक्का, तुम्ही कोण?” मास्तरांनी विचारले. मुलींनी सांगितले. मास्तर क्षणभर त्या बाईंच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहत राहिले.

“चला,” ते म्हणाले. “सगळ्या चला. माझ्या दुकानी टीव्हीला तोटा नाही.”

त्या दिवशी गावाने एक अपूर्व मिरवणूक पाहिली. पुढे सायकल हातात धरून मुजावरमास्तर, त्यांच्या बरोबरीने काखेत गाठोडे घेतलेल्या फुलाबाई, आणि मागे बंद बाजारपेठेतून लगबगीने चाललेल्या चाळीस मुली. कदमबाई मात्र वायरमनसाठी मागे राहिल्या. दुकानात दुरुस्त होऊन पडलेले पाच संच होते, धनी घेऊन जायचे बाकी होते. मास्तरांनी ते एकेक करून फळीवर, स्टुलावर, एक तर दुकानाच्या पायरीवर मांडायला लावले. “छपरावर जा, अँटेना धर,” त्यांनी अभिनंदनला सांगितले. वसतिगृहात शिरल्यापासून ते त्याच्याशी प्रथमच बोलले होते, आणि त्या बोलण्यात राग नव्हता.

अभिनंदन पत्र्यावर उभा राहून अँटेना फिरवीत होता. खालून मुली ओरडत होत्या. “थोडं डावीकडं! आता मुंग्या आल्या. हां हां, तिथंच!” चार वाजायला दोन मिनिटे असताना पाचही पडद्यांवर मैदान उमटले. एकावर हिरवट, एकावर थरथरते, एक तर जुना काळा-पांढरा संच होता. पहिल्याच तुकडीत मालन पळायला उतरली आणि चाळीस मुलींनी असा आवाज केला की समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या.

“ह्यातली माझी कंची?” फुलाबाई भांबावून एका पडद्यावरून दुसऱ्याकडे पाहू लागल्या.

“मावशी, पाचही तुमच्याच!”

त्यांनी शेवटी काळ्या-पांढऱ्या संचासमोर ठाण मांडले. “हितं बरं दिसतंय. रंगाची भानगड न्हाई,” म्हणाल्या. त्यांच्या लेकीने खांबाला वळसा घालून पाठलाग करणारीला चुकवले, पुन्हा चुकवले, साखळीतून आत-बाहेर करीत तीन मिनिटे आणि वर चाळीस सेकंद ती कोणाच्या हाती लागली नाही. तेवढा वेळ फुलाबाईंनी पदराचे टोक मुठीत आवळून धरले होते. मालन बाद झाली तेव्हा मुली हळहळल्या आणि फुलाबाईंनी श्वास सोडला.

विद्यापीठाचा संघ एका गुणाने हरला. मुली रडल्या. फुलाबाईंना हरणे-जिंकणे तितकेसे लागले नाही. “दमली न्हाई बघा,” त्या मास्तरांना म्हणाल्या. “एवढं पळली, पर दमली न्हाई.” आणि संध्याकाळची गाडी गाठायला निघताना त्यांनी गाठोड्यातल्या दोन भाकऱ्या, हिरव्या मिरचीच्या ठेच्यासकट, मास्तरांच्या टेबलावर ठेवल्या. नको म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

ऊन उतरले. अभिनंदनने पाचही संच जागच्या जागी ठेवले, तारा गुंडाळल्या. मास्तरांनी सकाळचा रेडिओ पुन्हा समोर ओढला होता. वसतिगृहातून निरोप आला, वायरमनने तार आणि बोर्ड दोन्ही बदलले. अभिनंदन त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

“मास्तर, तुम्ही मला बोलला का नाहीत? त्यांच्यासमोर नाही, ते समजलं. पण इथं तरी.”

मास्तरांनी पेचकस बाजूला ठेवला. त्याला स्टूल दाखवले.

“फ्यूज कशाला असतो संचात?”

“जास्त वीज आली तर संच वाचावा म्हणून.”

“सगळ्या संचात सगळ्यांत कमजोर वस्तू ती. मुद्दाम कमजोर केलेली. तिचं काम चालण्याचं नाही, थांबण्याचं आहे. टीव्ही लागत नाही हे गाऱ्हाणं माणसांचं. ते ऐकून आपण संच उघडतो. पण संचाचं स्वतःचं गाऱ्हाणं असतं, आणि आज ते त्यानं तुला दोनदा सांगितलं. तुझा संच ठीक होता, अभिनंदन. तो भिंतीतून येणाऱ्या विजेला नको म्हणत होता. सगळ्या इमारतीत तेवढा एकटाच बोलत होता. तू त्याचं तोंड बांधलंस.”

अभिनंदन खाली पाहत होता.

“आता मला एक सांग,” मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज आणखी खाली आला. “पहिला फ्यूज उडाला, दुसरा उडाला. तेव्हा तुझ्या मनात काही हललं होतं का?”

“हललं होतं,” अभिनंदन म्हणाला. “पहिल्यालाच हललं होतं.”

“मग?”

“सगळ्या बघत होत्या, मास्तर. मावशींना शब्द दिला होता. परत यायला लाज वाटली.”

“तो तुझा फ्यूज. शिकलेल्या माणसाच्या आत तो असतो, आणि तुझा चांगला आहे, वेळेवर उडतो. म्हणून तुला बोललो नाही. ज्याला काही हललंच नाही त्याला मी काय शिकवणार? पण तू तिथंही तारच बांधलीस.”

एवढेच बोलून मास्तरांनी फुलाबाईंच्या भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्यापुढे सरकवला. दोघांनी ती खाल्ली. ठेचा तिखट होता. अभिनंदनच्या डोळ्यांना पाणी आले ते ठेच्याचेच, असे मास्तरांनी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली कॉलेजला जाण्याआधी अभिनंदन एकटाच वसतिगृहात गेला. प्रथम तो टीव्हीकडे गेला नाही. जिन्याखालचा नवा बोर्ड त्याने पाहिला, दालनातल्या सॉकेटला मीटर लावला, स्वयंपाकघरात मशीन चालू करायला लावून काटा हलतो का ते पाहिले. काटा दोनशे तीसवर स्थिर होता. मग त्याने संचाचे झाकण उघडले, पिळलेली तार काढली आणि ती घेऊन कदमबाईंच्या खोलीपाशी गेला.

“बाई, फ्यूजच्या जागी ही तार मी बसवली होती. कालची चूक मास्तरांची नव्हती, माझी होती. काल सामना सुरू झाल्यावर स्वयंपाकघरात कोणी वाटण घातलं असतं, तर टीव्ही थांबला नसता. पेटला असता. आणि समोर सगळ्या बसलेल्या होत्या.”

कदमबाईंनी त्याच्या तळहातावरची तार पाहिली. “मास्तर स्वतःवर घेऊन गेले होते. मग मला कशाला सांगतोस?”

“त्यांनी घेतली म्हणूनच.”

कदमबाईंची कडक म्हणून ख्याती होती, आणि अभिनंदन त्या कडकपणासाठी मन घट्ट करून आला होता. त्या उठल्या, व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी घंटा वाजवली. मुली वह्या-पुस्तके घेऊन दालनात जमल्या.

“काल काय झालं आणि कशानं झालं, ते हे सांगणार आहेत,” कदमबाई म्हणाल्या. “आपापल्या घरी उपयोगी पडेल. ऐका.” आणि त्या स्वतः सतरंजीवर मुलींमध्ये बसल्या.

काल ज्यांच्यापुढे त्याला एक शब्द उच्चारता आला नव्हता, त्यांच्यापुढे तो उभा होता. त्याने एका हातात काचेचा फ्यूज धरला, दुसऱ्यात ती तार, आणि सांगायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्ये अडखळली. मग त्याने काही लपवले नाही. फ्यूज दोनदा उडाला तेव्हा आपल्याला शंका आली होती, आणि तरी आपण का थांबलो नाही, हेही त्याने सांगितले. कोणी हसले नाही.

नवा फ्यूज बसवून त्याने संच चालू केला. चित्र आले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मुली लक्ष देऊन पाहत होत्या. आठवड्यात तीन बल्ब गेल्याचे काल जिने चिडून सांगितले होते, तीच मुलगी म्हणाली, “दादा, हाही उडाला तर?”

“तर नवा घालू नका,” अभिनंदन म्हणाला. “तुमची कितीही घाई असू दे. आधी विचारा, का गेला?”

मुली कॉलेजला गेल्या. त्याला कोणी थांबायला सांगितले नव्हते. तरी तो दालनात भिंतीला टेकून बसला, संच चालू ठेवून, मधूनमधून मीटर लावून पाहत. एकदा उठून तो वरच्या मजल्यावरचे दिवे पाहून आला. दुकानात परतायला त्याला दुपार झाली. उशीर का झाला, हे मास्तरांनी विचारले नाही.